सहा साइट, एक सर्व्हर आणि मामांचं विंडोज

ताई,

मी इचलकरंजीचा, वय २४. दोन वर्षांपासून गावातल्या लोकांना वेबसाइट करून देतो. सध्या सात आहेत: दोन मंगल कार्यालयं, एक क्लास, एक पतसंस्था (नुसती माहिती, व्यवहार नाहीत), एक साड्यांचं दुकान, एक डॉक्टर आणि एका सूत व्यापाऱ्याची स्टॉक बघायची साइट. पहिल्या सहा वर्डप्रेसवर आहेत. सातवी कुणीतरी २०१२ च्या सुमारास मायक्रोसॉफ्टच्या एएसपी डॉट नेटमध्ये केलेली, तिला हात लावायची माझी हिंमत नाही. सगळं शेअर्ड होस्टिंगवर आहे. लग्नसराईत कार्यालयांच्या साइट लटकायला लागल्या म्हणून २ जीबी मेमरीचा व्हीपीएस (भाड्याचा स्वतंत्र सर्व्हर) घ्यायचं ठरवलं. पैसे भरायच्या आधीच्या पानावर ओएसची (ऑपरेटिंग सिस्टिमची) यादी आली आणि तिथंच चार दिवस अडकून बसलोय. उबुंटू २२.०४, २४.०४ आणि २५.१०, डेबियन १२ आणि १३, अल्मालिनक्स, रॉकी, सेंटओएस ७, फ्रीबीएसडी, विंडोज सर्व्हर. मामा म्हणतात विंडोज घे, आपल्याला येतं ते. मित्र म्हणतो आर्च टाकून घे, कायम ताजं राहतं. क्लासचे सर म्हणायचे, सर्व्हर म्हणजे सेंटओएस. माझ्या लॅपटॉपवर उबुंटू आहे, पण कमांड लिहायच्या काळ्या खिडकीत मी फारसा रमलेलो नाही. एकदा निवडलं की परत बदलता येत नाही ना? सगळ्यात चांगली कोणती, एका वाक्यात सांगा. अरे-तुरे केलंत तरी चालेल.

नाव छापू नका, गावात सगळे ओळखतात.

*

एका वाक्यात हवं होतं ना? डेबियन १३ घे, सहा वर्डप्रेस साइट त्यावर ने आणि सातवीला आहे तिथंच राहू दे.

आता पुढचं वाच. तू चार दिवस नावांत अडकलास. त्या यादीतल्या प्रत्येक नावामागे एक तारीख असते, आणि नेमकी तीच त्या पानावर छापलेली नसते. त्या तारखेनंतर त्या ओएसला सुरक्षेची डागडुजी मिळत नाही. साइट चालतच राहते, हीच गोम. काही मोडत नाही, लाल दिवा लागत नाही. फक्त भिंतीला पडलेलं भोक बुजवायला कुणी येत नाही. तुझ्या यादीत अजून सेंटओएस ७ आहे. त्याची तारीख होती ३० जून २०२४. विकणारा ते अजून यादीत ठेवतो, कारण जुनं सॉफ्टवेअर अडकलेली गिऱ्हाइकं ते मागतात.

तुमच्या सरांचं चुकलं असं मात्र मी म्हणणार नाही. ते शिकवत होते तेव्हा ते खरंच होतं. रेड हॅटची ओएस पैसे देऊन घ्यावी लागते. सेंटओएस म्हणजे तिचीच, नाव-खुणा काढून बांधलेली फुकट प्रत. दहा वर्षांचा भरवसा. सेंटओएस ८ सप्टेंबर २०१९ मध्ये आली तेव्हा लोकांनी २०२९ पर्यंतचा हिशेब मांडला. मग ८ डिसेंबर २०२० ला जाहीर झालं की ८ ची साथ ३१ डिसेंबर २०२१ लाच संपणार. मोठी बहीण ७, धाकट्या ८ पेक्षा अडीच वर्षं जास्त जगली! त्या गोंधळातून दोन वारस निघाले. सेंटओएसच्या संस्थापकांपैकी ग्रेगरी कर्ट्झर यांनी रॉकी काढली आणि तिला आपल्या दिवंगत सहकाऱ्याचं, रॉकी मॅकगॉ यांचं नाव दिलं. क्लाउडलिनक्स या कंपनीनं अल्मालिनक्स काढली. दोन्ही २०२१ मध्येच आल्या, दोन्ही चांगल्या आहेत, आणि अल्मालिनक्स ९ ला मे २०३२ पर्यंत साथ आहे. सरांचं शिक्षण वाया जाऊ द्यायचं नसेल तर सेंटओएसच्या जागी अल्मा वाच, नव्वद टक्के तेच आहे.

मग मी तुला अल्मा का सांगत नाही? २०३२ ही तारीख डेबियन १३ च्या २०२८ पेक्षा मोठी दिसतेच. पण लांबची तारीख म्हणजे आळसाला दिलेली मुदतवाढ, हे मी स्वतःवरून सांगते. एका संस्थेचा सर्व्हर मी दहा वर्षं साथ असलेल्या ओएसवर बसवला आणि निर्धास्त झाले. अपडेट आपोआप येत होते, साइट चालत होती. मुदत संपायला चार महिने राहिले तेव्हा दार उघडून पाहिलं. पीएचपी (वर्डप्रेस ज्या भाषेत लिहिलंय ती) इतकी जुनी की नव्या ओएसवर ती मिळेचना, डेटाबेस दोन पिढ्या मागे, आणि कोणत्या फाइलमध्ये काय बदल का केला होता ते लिहून ठेवलेलं नाही. लिहून न ठेवणारी मीच. दोन-तीन वर्षांनी छोटी उडी मारण्यापेक्षा दहा वर्षांनी मारलेली उडी पाय मोडून घेते. तू एकटा आहेस, साइट लहान आहेत. तुला लहान उड्यांची सवय लागलेली बरी.

डेबियनकडे मी वळते ते आणखी एका कारणानं. ऑगस्ट १९९३ मध्ये इयन मर्डॉक या विद्यार्थ्यानं ती सुरू केली; नाव त्याच्या मैत्रिणीचं आणि त्याचं मिळून, डेब्रा अधिक इयन. ती कुठल्या कंपनीच्या मालकीची नाही. स्वयंसेवक ती चालवतात आणि मतदान करून आपला प्रमुख निवडतात. त्यामुळं एका सकाळी कुणीतरी ताळेबंद बघून तारीख अलीकडे आणेल ही भीती इथं जवळजवळ नाही. साधारण दोन वर्षांनी नवी आवृत्ती येते. तिला तीन वर्षं पूर्ण साथ, पुढं दोन वर्षं लांबणीची. १३ ही ९ ऑगस्ट २०२५ ला आली. म्हणजे ऑगस्ट २०२८ पर्यंत पूर्ण, आणि २०३० च्या जूनअखेरपर्यंत लांबणीची. तुझ्या कॅलेंडरवर जून २०२८ ला खूण कर, ऑगस्टला नको.

उबुंटूची गोष्ट वेगळी नाही, ती डेबियनच्याच पोटातून आलेली. तुझ्या हाताला तिची सवय आहे, आणि तू २४.०४ घेतलीस तर मी काही डोक्याला हात लावणार नाही. नावातच महिना आहे: २०२४ चा चौथा. सम वर्षांतल्या एप्रिलच्या आवृत्तीला पाच वर्षं साथ मिळते. २५.१० ही मधली. तिला नऊच महिने मिळतात, ती सर्व्हरवर घालायची नाही. तुझ्या बाबतीत माझं मन डेबियनकडे झुकलं ते एका बारीक मुद्द्यावर. उबुंटूचं सॉफ्टवेअरचं भांडार दोन मुख्य भागांत आहे. एका भागाची सुरक्षा कंपनी स्वतः बघते. दुसऱ्या, फार मोठ्या भागात वेगळी नोंदणी केल्याशिवाय तेवढा भरवसा नाही. तू वर्डप्रेसच्या डेटाबेससाठी बहुधा मारियाडीबी घालशील, आणि ती त्या दुसऱ्या भागात आहे. डेबियनमध्ये हा दुजाभाव नाही. शिवाय लॅपटॉपवरचं उबुंटू माऊसचं आणि सर्व्हरवरचं काळ्या खिडकीचं, त्यामुळं सवयीचा फायदा वाटतो तितका नाहीच. कमांड मात्र दोन्हीकडे जवळपास सारख्याच.

मामांचं विंडोज. मामांना वाटतं ते ‘येणं’ आणि सर्व्हर सांभाळणं या दोन गोष्टी आहेत. खिडक्या ओळखीच्या दिसल्या म्हणून आयआयएस (विंडोजचा वेब सर्व्हर) सेट करता येत नाही, फायरवॉल कळत नाही. वर परवान्याचे पैसे भाड्यात दर महिन्याला मिळवले जातात. आणि डेस्कटॉपसकट विंडोज सर्व्हर घ्यायचं तर मायक्रोसॉफ्टच किमान २ जीबी मेमरी सांगतं, म्हणजे तुझी सगळी मेमरी मामांच्या खिडक्यांनाच लागली. सहा साइट कुठं बसवणार? विंडोज घ्यायचं एकच खरं कारण असतं, ते म्हणजे फक्त तिथंच चालणारं सॉफ्टवेअर. तुझ्याकडे तसं एक आहे, ती सातवी साइट. नवं डॉट नेट लिनक्सवर (डेबियन, उबुंटू, अल्मा ही त्याचीच रूपं) चालतं, पण २०१२ ची साइट बहुतेक वेब फॉर्म्समध्ये असणार, आणि ते नव्या डॉट नेटमध्ये आलंच नाही. मग एका साइटसाठी सहा जणांना विंडोजवर न्यायचं का? आजोबांना जिना चढवत नाही म्हणून घरातल्या सगळ्यांनी ओसरीवर झोपायचं? त्या साइटसाठी विंडोजचं शेअर्ड होस्टिंग आहे तसंच चालू ठेव आणि त्याचं वेगळं बिल व्यापाऱ्याला लाव.

फ्रीबीएसडी उत्तम आहे, नेटफ्लिक्सचे चित्रपट पोचवणारे सर्व्हर त्यावरच चालतात. तुला अडचण आली तर विचारायला इचलकरंजीत कुणी नसेल. सोड.

मित्राच्या ‘कायम ताजं’ला जरा थांबून उत्तर द्यायला हवं, कारण ऐकायला ते शहाणपणाचं वाटतं. मार्च २०२४ मधली गोष्ट. आंद्रेस फ्रॉइंड हे पोस्टग्रेस डेटाबेसवर काम करणारे अभियंते आपल्या मशिनवर चाचण्या घेत होते. एसएसएचनं (दुरून मशिनमध्ये शिरायच्या सुरक्षित वाटेनं) लॉगिन व्हायला नेहमीपेक्षा सुमारे अर्धा सेकंद जास्त लागतोय, हे त्यांना खटकलं. आपण चहाचा घोट घेतला असता. ते खणत गेले आणि एक्सझेड नावाच्या, फायली दाबून लहान करणाऱ्या साध्या साधनात कुणीतरी चोरदार बसवल्याचं निघालं. ज्यानं बसवलं त्यानं दोन वर्षांहून जास्त काळ निमूट काम करून त्या प्रकल्पात विश्वास कमावला होता! २९ मार्चला ते जाहीर झालं. सापडलेल्या आवृत्त्या होत्या ५.६.० आणि ५.६.१, अगदी ताज्या. डेबियनच्या चाचणीच्या शाखेत आणि फेडोरा या आणखी एका लिनक्सच्या येऊ घातलेल्या आवृत्तीत त्या पोचल्या होत्या. डेबियनच्या स्थिर आवृत्तीत, उबुंटूच्या दीर्घ साथीच्या आवृत्त्यांत, रेड हॅटमध्ये नव्हत्या, कारण तिथं सगळं मुद्दाम शिळं करून वाढतात. लोणचं मुरू दे म्हणतात ना, तसं. लॅपटॉपवर मित्रानं आर्च खुशाल वापरावं. तिथलं मोडलं तर त्याची संध्याकाळ जाते. तुझं मोडलं तर कुणाच्या तरी मुलीच्या लग्नाच्या बुकिंगचा फोन तुला येतो.

‘शिळं’ म्हटलं म्हणून एक सांगून ठेवते. डेबियन सॉफ्टवेअरचा आकडा तोच ठेवतं आणि सुरक्षेची दुरुस्ती तेवढी मागून आणून त्याच आवृत्तीत शिवतं. त्यामुळं पुढं कुणीतरी एखादं तपासणीचं साधन चालवून ‘तुमचा वेब सर्व्हर जुना आहे’ असा लांबलचक अहवाल पाठवेल. पतसंस्थेचा ऑडिटर तर नक्कीच. घाबरून बाहेरून नवी आवृत्ती आणून बसवू नकोस. पॅकेजच्या पूर्ण आकड्याच्या शेपटीत डेबियनच्या दुरुस्तीचा क्रमांक असतो, तो ऑडिटरला दाखव.

आता जिथं तू खरोखर ठेचकाळणार आहेस तिथं येऊ. ती जागा म्हणजे पीएचपी. ओएस निवडताना माणूस नकळत पीएचपी निवडत असतो. डेबियन १३ बरोबर ८.४ येते, उबुंटू २४.०४ बरोबर ८.३, २२.०४ बरोबर ८.१. तुझं शेअर्ड होस्टिंग आत्ता कशावर आहे ते बघितलंस का? पैज लावते, एखादी साइट अजून ७.४ वर असेल, जिची साथ नोव्हेंबर २०२२ मध्येच संपली. ७ कडून ८ कडे जाताना भाषेतून काही जुन्या गोष्टी कायमच्या काढून टाकल्या. स्वस्तात मिळालेल्या जुन्या थीम नेमक्या त्यांवरच उभ्या असतात, आणि मग समोर येतं पांढरंफटक पान. म्हणून व्हीपीएसचे पैसे भरायच्या आधी एक कर. शेअर्ड होस्टिंगच्या पॅनेलमध्ये बहुतेक ठिकाणी पीएचपीची आवृत्ती बदलायची सोय असते. एखाद्या मंगळवारी दुपारी एकेक साइट ८ च्या पुढच्या आवृत्तीवर टाक, पाच मिनिटं फिरून बघ, बिघडलं तर परत मागे आण. जी रडली तिची थीम किंवा प्लगइन आधी बदल. घर बदलायच्या आधी सामानातलं वाळवी लागलेलं लाकूड बाजूला काढल्यासारखं. अगदीच अडलं तर डेबियनमध्ये पीएचपी सांभाळणारे ओंद्रेय सुरी स्वतःच एक वेगळं भांडार चालवतात. त्यात पीएचपीच्या अनेक आवृत्त्या शेजारीशेजारी बसवता येतात. पण तो आडमार्ग, सुरुवातच तिथून करू नकोस.

सर्व्हर माऊसनं सांभाळायला सीपॅनेलसारखं पॅनेल घालायचा विचार असेल तर क्रम उलटा: आधी पॅनेलच्या पानावर कोणत्या ओएस चालतात ते बघ, मगच ओएस निवड. सीपॅनेल अल्मा, रॉकी आणि उबुंटूवर चालतं, डेबियनवर नाही. सहा साइटसाठी त्याचा मासिक परवाना मला तरी परवडणारा वाटत नाही, आणि २ जीबीत ते दाटीवाटीनंच बसेल.

मराठी साइटवाल्यांच्या वाट्याला येणाऱ्या काही गमती कुठल्या गाइडमध्ये लिहिलेल्या नसतात, त्या ऐक. नव्या लिनक्स सर्व्हरवर बहुधा देवनागरी फाँट नसतो. साइट दिसते, कारण अक्षरं वाचणाऱ्याच्या फोनवर उमटतात. पण कार्यालयाच्या बुकिंगची पीडीएफ पावती सर्व्हरवरच बनत असेल तर ‘श्री. व सौ.’च्या जागी चौकोन येतात. मी एका वाचनालयाच्या दोनशे पावत्या अशा चौकोनांत पाठवल्या आहेत. लोहित देवनागरीचं पॅकेज बसवलं की काम होतं. लोहित म्हणजे लाल; ते फाँट रेड हॅटनंच खुले करून दिले, तेव्हा सरांच्या घराण्याचा एवढा प्रसाद डेबियनवरही मिळतो. दुसरं, डेटाबेस हलवताना मराठीच्या जागी प्रश्नचिन्हांची किंवा अगम्य अक्षरांची रांग दिसली तर कुठंतरी लॅटिन-१ ही देवनागरी न मावणारी जुनी अक्षरपद्धत आडवी आल्याचा संशय घे आणि तिथंच थांब. त्यावर पुन्हा सेव्ह केलंस की मूळ अक्षरं गेली. तिसरं, घरी विंडोजवर झॅम्पमध्ये (घरच्या संगणकावर साइट चालवून बघायच्या साधनात) बनवलेली साइट असेल तर फोटोंची नावं तपास. विंडोजला मोठी लिपी, छोटी लिपी सारखीच. लिनक्सला ‘जेपीजी’ मोठ्या अक्षरांत आणि छोट्या अक्षरांत म्हणजे दोन वेगळ्या फायली. निम्मे फोटो गायब झाले की लोक ओएसला शिव्या घालतात.

आणि घड्याळ. सर्व्हर बहुधा जागतिक वेळेवर असतो. रात्री तीनचा बॅकअप लावला म्हणून मी खूश होते. तो चालायचा सकाळी साडेआठला, ऐन गर्दीत. आशिया/कोलकाता लावून टाक.

पहिल्या संध्याकाळची कामं भराभर सांगते, कारण ती सगळीकडे लिहिलेली सापडतील: एसएसएचची किल्ली बनव आणि पासवर्डनं लॉगिन बंद कर (सर्व्हर सुरू झाल्यावर थोड्याच वेळात अनोळखी पाहुणे रूटचा, म्हणजे मुख्य खात्याचा, पासवर्ड चाचपायला येतात, लॉग उघडून बघ, करमणूक होईल), फायरवॉलमध्ये वेबची दोन दारं आणि एसएसएच सोडून बाकी बंद, सुरक्षेचे अपडेट आपोआप येतील असं लाव, दोन जीबी स्वॅप (मेमरी कमी पडली तर वापरायची डिस्कवरची जागा) दे, बॅकअप दुसऱ्या ठिकाणी. ईमेलचा सर्व्हर स्वतः चालवायच्या फंदात पडू नकोस. अपडेटमध्ये कर्नल (ओएसचा गाभा) आला की सर्व्हर रीस्टार्ट करायचा. ‘चारशे दिवस बंद केलेला नाही’ असं अभिमानानं सांगणारे भेटतील. त्यांचा कर्नल चारशे दिवस जुना असतो.

एका बाबतीत तुझी निराशा करते. कार्यालयांच्या साइट लटकत होत्या त्याला ओएस कारण नव्हतं, आणि नुसत्या डेबियननं त्या पळणारही नाहीत. वर्डप्रेसची एकेक पीएचपी प्रक्रिया माझ्या अनुभवात ५० ते १०० एमबी खाते. २ जीबीतून डेटाबेस वगळलास की एका वेळी दहा-पंधरा. त्याहून जास्त सोडल्यास तर मेमरी संपते, लिनक्स सगळ्यात जाड्या प्रक्रियेचा गळा धरतो आणि ती बहुधा डेटाबेसची असते. मग पानावर ‘डेटाबेसशी संपर्क होत नाही’. तेव्हा ती मर्यादा हातानं ठरव आणि पानांचं कॅशिंग लाव. कार्यालयाची साइट म्हणजे हॉलचे फोटो आणि फोन नंबर, ती दर वेळी नव्यानं शिजवायचं कारणच नाही.

परत बदलता येतं का? येतं, आणि बदलावंच लागणार आहे. चालत्या सर्व्हरची ओएस उलटसुलट करत बसायचं नाही. २०२८ मध्ये शेजारी नवा व्हीपीएस घे, त्यावर सगळं मांड, लॅपटॉपच्या होस्ट्स फाइलमध्ये नवा पत्ता घालून एकट्यानं फिरून बघ, मग डोमेन वळव. आत्ताचं स्थलांतरही असंच कर. आदल्या दिवशी डीएनएसचा टीटीएल (डोमेनचा पत्ता बाकीचे किती वेळ लक्षात ठेवतात तो काळ) पाच मिनिटांवर आण, म्हणजे चुकलं तर पटकन मागे फिरता येतं. जुनं होस्टिंग एक महिना तरी चालू ठेव. आधी डॉक्टरांची साइट हलव, कार्यालयांच्या शेवटी, आणि तुळशीच्या लग्नाच्या आत सगळं उरक. प्रत्येक कमांड एका वहीत लिहीत जा, खरोखरच्या कागदाच्या वहीत लिहिलीस तरी चालेल.

सूत व्यापाऱ्याला मात्र आजच फोन कर. त्या २०१२ च्या साइटच्या डेटाबेसचा बॅकअप कुणाकडे आहे, एवढंच विचार. दोघंही एकमेकांकडे असेल असं धरून चालला असणार.